पुढाऱ्यांच्या राहत्या घरात तुमचं लक्ष कशावर अडलं? – अनुभव सांगा

सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आलो आणि लगेच हे लिहायला बसलो. स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांची जपून ठेवलेली घरं बऱ्याच जणांनी पाहिली असतील. फलकावरची माहिती नको. आत शिरल्यावर काय डोळ्यांत राहिलं, तेवढं लिहा. सुरुवात मीच करतो.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघं अंबाजोगाईहून सेवाग्रामला गेलो. सोबत आई, वय ७८. बापू कुटीच्या दारात तिनं चपला काढल्या, आत गेली आणि आधी भिंतीवर हात फिरवला. "आपलं जुनं घर असंच होतं की रे." मग सारवण किती दिवसांनी करता, शेण कुठून आणता, याची तिथल्या कार्यकर्त्याकडं चौकशी! गांधीजी इथं १९३६ मध्ये आले, आधी सगळे आदि निवासात एकत्र राहायचे, ही कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेनची होती, हे सगळं मी घोकून गेलो होतो. आईला त्यातलं काही नको होतं. ती थांबली साप धरायच्या चिमट्यापाशी. आश्रमात साप मारत नसत, धरून लांब सोडत. आमच्याकडं सोयाबीन काढताना साप निघाला की काठीच. आई म्हणली, "चिमटा बरा आहे, धरणारा पाहिजे."

या गावाचं नाव आधी शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. हे ऐकल्यावर येताना 'खऱ्या' शेगावला जायचा हट्ट झाला. वाट वाकडी, पण गेलो.

परभणीहून : लेकीच्या परीक्षेसाठी देवगिरीनं मुंबईला गेलो होतो. दुपार मोकळी होती, म्हणून ग्रँट रोडला उतरून चालत मणिभवन गाठलं. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथं उतरत. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली काचेआडून पाहायची. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना गच्चीवरून अटक झाली. मी गच्चीचाच विचार करत होतो, तर लेक हिटलरला लिहिलेल्या पत्रासमोर उभी. "बाबा, मग त्यानं काय उत्तर दिलं?" पत्र सरकारनं पुढं जाऊच दिलं नाही, म्हणलं. तर म्हणते, "मग लिहून काय उपयोग?" परत येताना गाडीत जालन्यापर्यंत तोच वाद.

उदगीरहून : शाळेची सहल पुण्याला नेली होती, आगाखान पॅलेस, जिथं १९४२ मध्ये गांधीजींना कैदेत ठेवलं होतं. खरं सांगतो, पोरांना घरापेक्षा हिरवळ आवडली, आणि माझा निम्मा वेळ डोकी मोजण्यात गेला. समाध्यांपाशी मात्र गप्प झाली. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, अटकेला आठवडाही झाला नव्हता. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. एका पोरीनं विचारलं, "सर, १५ ऑगस्टला सुट्टी नव्हती का?" हसणाऱ्यांना मी दटावलं. तिचं काय चुकलं?

नांदेडहून : सगळे वर्धा-मुंबई-पुणे सांगायलेत. मुक्तिसंग्रामाचे नेते, आपल्या स्वामी रामानंद तीर्थांचं काय? आमचं विद्यापीठच त्यांच्या नावाचं, म्हणून माझ्या पदवीवर त्यांचं नाव आहे, आणि त्यांचं पाळण्यातलं नाव व्यंकटेश खेडगीकर हे मला पदवी मिळाल्यावर चार वर्षांनी कळलं. संन्याशाचं कसलं घर म्हणा. हैदराबादेत बेगमपेठेत त्यांची समाधी आहे, तिथं जाऊन आलो. बाहेर गाड्यांचा कालवा, आत मी एकटाच.

अंबाजोगाईहून पुन्हा : नांदेडकर, घर नसलं तरी शाळा आहेत. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिकवायचे आणि पुढं आमच्या योगेश्वरीत. मी याच गावात वाढलो, रोज त्या फाटकावरून गेलो, आणि भिंतीवर हात फिरवायला वर्ध्याला! हिप्परग्याला कुणी एवढ्यात गेलंय का? पुढच्या रविवारी गाडी काढतो, दोन जागा आहेत. आई येणारच, दशम्याही तिच्याच.