जुन्या ठाण्यात पायी फिरायचंय, रूट सुचवा ना

मंडळी मदत हवी आहे. रविवारी पुण्याहून काका-काकू येतायत, त्यांना जुनं ठाणं पायी दाखवायचंय, मॉल नको म्हणालेत (बरंच झालं!). डोक्यात असंय की चेंदणी कोळीवाड्यातून सुरुवात, मग मासुंदा तलाव, कौपिनेश्वर, तिथली पिंडी एवढी मोठी आहे की काका बघतच राहतील, मग जांभळी नाक्याच्या गर्दीतून टेंभी नाक्याचं १८७९ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), आणि शेवटी जेलची भिंत बाहेरूनच, म्हणजे तोच किल्ला जो मराठ्यांनी १७३७ ला पोर्तुगीजांकडून घेतला. काकूंचे गुडघे दुखतात, मध्ये निवांत बसून चहा कुठे मिळेल? सिनेगॉग आतून बघायला आधी विचारावं लागतं का? आणि खारकर आळीत जुनी लाकडी घरं उरलीयत का, की सगळी रिडेव्हलपमेंटला गेली?