आयझेंकची प्रश्नावली: कैद्यांमध्ये बहिर्मुखता चढी का येत नाही?

मृदुला (कळवा)
एम.ए.च्या प्रकल्पासाठी ठाणे कारागृहातले ४० कैदी आणि बाहेरचे ४० जण घेऊन ईपीक्यू (आयझेंकची व्यक्तिमत्त्व प्रश्नावली) भरून घ्यायचा विचार आहे. मानसशास्त्रज्ञ आयझेंकच्या मते गुन्हेगारांत बहिर्मुखता, न्यूरॉटिसिझम (चटकन बेचैन, चिंतातुर होणं) आणि सायकोटिसिझम (कठोर, इतरांची पर्वा न करणारा स्वभाव) तिन्ही चढे असतात. प्रत्यक्ष अभ्यासांत मात्र शेवटचे दोनच चढे दिसतात. मग सिद्धांत चुकला की मोजमाप?

सानपाडेकर
दोन्हीचा वाटा आहे. आयझेंकची १९६४ची मांडणी अशी: बहिर्मुख माणसाचा मेंदू मुळात कमी उद्दीपित, त्यामुळे शिक्षेशी भीती जोडली जाण्याचं अभिसंधान (अनुभवातून आपोआप पक्की होणारी जोडणी) कच्चं राहतं. सदसद्विवेक म्हणजे हेच अभिसंधान. त्या काळच्या ईपीआयमध्ये (आयझेंकच्याच आधीच्या प्रश्नावलीत) बहिर्मुखतेचे दोन भाग होते, आवेगीपणा आणि मिळून-मिसळून वागणं. १९७५च्या ईपीक्यूत आवेगीपणाचा बराचसा भाग सायकोटिसिझमकडे गेला. गुन्ह्याशी नातं असतं ते आवेगीपणाचं. मागे उरलं गप्पिष्टपण, त्यानं कोण चोरी करतो? म्हणून आवेगीपणाची वेगळी प्रश्नावली जोडाच.

सुलभा प्र. (नौपाडा)
त्याहून मोठी अडचण नमुन्याची आहे. आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी असतात, त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. फक्त शिक्षाबंदी (शिक्षा झालेले कैदी) घ्या, नाहीतर तुलना कशाची कशाशी होतेय ते सांगता येणार नाही. शिवाय बराकीत बंद असलेल्याला ‘खूप बाहेर फिरायला आवडतं का?’ विचारलं की बहिर्मुखतेचा गुण खाली येतोच, आणि तारखेच्या, घरच्यांच्या काळजीनं न्यूरॉटिसिझमचा आकडा फुगतो. म्हणजे स्वभावाऐवजी कोठडी मोजली जाते. प्रश्न तुरुंगातल्या शिपायाला वाचायला लावू नका, माणूस लगेच साळसूद उत्तरं देतो. खोटेपणाची उपमापनी (साळसूद उत्तरं ओळखणारे ईपीक्यूतलेच प्रश्न) आधी तपासा. तिथे गुण चढे असतील तर बाकीचे आकडे जपून वाचा. बाहेरचे ४० जण वय, शिक्षण, वस्ती यांत जुळते हवेत. कॉलेजातले मित्र चालणार नाहीत.

मृदुला (कळवा)
मग हेअरची पीसीएल-आर (सायकोपथी, म्हणजे निर्दय, अपराधभावना नसलेला स्वभाव मोजणारी तपाससूची) वापरली तर?

सानपाडेकर
नको. २० बाबी, प्रत्येकीला ०, १ किंवा २, एकूण ४०, अमेरिकेत ३०ला सायकोपथीची सीमारेषा. पण त्यासाठी रीतसर प्रशिक्षण, लांबलचक मुलाखत आणि कैद्याची पूर्ण फाइल लागते. त्यात बालवयातली गुन्हेगारी, गुन्ह्यांचे नाना प्रकार हेसुद्धा मोजतात. पूर्वीचे गुन्हे मोजून गुण द्यायचे आणि त्याच गुणांनी गुन्ह्याचं कारण सांगायचं, हे गोल फिरणं झालं. सायकोटिसिझमच्या काही प्रश्नांवरही हाच आक्षेप आहे, तो अहवालाच्या मर्यादांत स्पष्ट लिहा. आणि सरासरीतल्या फरकावरून एखाद्या कैद्याबद्दल काहीही लिहू नका. दोन्ही गटांचे गुण एकमेकांत बरेच मिसळलेले असतात.