प्रति: टोकं करपली म्हणजे मीठच?

'गव्हाच्या पानांची टोकं करपली म्हणजे मीठच' असं वर म्हटलंय, तिथे थोडी भर. जमिनीत मिठाऐवजी बोरॉन (पिकाला अगदी थोडंच लागणारं मूलद्रव्य) जास्त झालं, तरी टोकं करपतात. ते पाण्याच्या ओघाबरोबर पानात चढतं. पाणी उडून जातं, बोरॉन टोकाशी साठतं. म्हणून जुन्या पानाचं टोक आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि करपा खाली सरकतो.

गहू मीठ आणि बोरॉन दोन्हींना मुळातच (श्लेष माफ!) अडवतो, पण तऱ्हा वेगळ्या. मिठातलं सोडियम वर चढणाऱ्या रसातून मुळांतली वाहक प्रथिनं परत खेचून घेतात. त्यातलं महत्त्वाचं जनुक चपातीच्या गव्हात ४डी गुणसूत्रावर (गव्हाच्या ए, बी, डी या गुणसूत्र-संचांपैकी डी संचातलं चौथं) आहे; ड्युरमकडे (पास्त्याच्या गव्हाकडे) डी संचच नाही, म्हणून तो मिठापुढे लवकर हात टेकतो. बोरॉन मात्र सहनशील वाणांची मुळं चक्क बाहेर उपसतात.

आणि हो, भरपूर पाणी देऊन मीठ धुतलं तरी बोरॉन मातीला धरून बराच काळ मागे राहतं.