दहा फुटांवरून फोर के कुणाला दिसते?

राजेंद्रनगरकर

आमच्या घरी 2014 साली घेतलेला 43 इंची फुल एचडी टीव्ही असून तो आजही विनातक्रार चालतो. तरीही दिवाळीपासून मुलाने "बाबा, आता फोर के घेऊन टाकू" असा लकडा लावला आहे (फोर के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा पडदा), म्हणून इथे इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानात जाऊन आलो. तिथल्या 55 इंची पडद्यावर पोपटाच्या पिसाचा तंतू न् तंतू दिसत होता, हे खरे. पण विक्रेत्याने मला त्या पडद्यापासून जेमतेम तीन फुटांवर उभे केले होते, हे परतताना रिक्षात लक्षात आले. घरी आल्या आल्या सौ.च्या शिवणाच्या डब्यातील टेप काढून मोजले, तर सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचे अंतर दहा फूट भरले.

आता हिशोब पाहा. नेत्रतपासणीच्या तक्त्यामागचे गृहीतक असे की, एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनाचे अंतर असलेले दोन ठिपके निरोगी डोळ्याला सुटे दिसतात. दहा फुटांवर हे अंतर सुमारे 0.9 मिलिमीटर होते. 43 इंची पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद असतो आणि फुल एचडीमध्ये त्या रुंदीत 1920 ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा झाला. जो ठिपका आजच मला सुटा दिसत नाही, त्याचे चार तुकडे करून मिळणार काय? 55 इंची पडद्यावरही फुल एचडीचा ठिपका 0.63 मिलिमीटरच्या पुढे जात नाही. फुल एचडीत सुमारे 21 लाख ठिपके आणि फोर के मध्ये 83 लाख, ही तुलना खोक्यावर छापायला उत्तम आहे, एवढेच.

दुसरा मुद्दा प्रक्षेपणाचा. 2015 च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी डीटीएचवर फोर केचा मोठा गाजावाजा झाला आणि त्यासाठी वेगळे सेट टॉप बॉक्सही विकले गेले. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी आमच्याकडे रोज लागणाऱ्या मराठी वाहिन्या एचडीपुढे सरकलेल्या नाहीत, आणि त्यांच्या एचडी आवृत्त्यासुद्धा आल्या त्या 2016 च्या सुमारास. मी एक प्रयोगही करून पाहिला. एकच मालिका आधी साध्या वाहिनीवर आणि मग एचडी वाहिनीवर लावून सौ.ला फरक विचारला, तर तिला तो सांगता आला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. जिथे एचडीच कळत नाही, तिथे फोर केचे कौतुक कोणी करायचे? त्रिमितीय टीव्हीचे स्मरण असेलच. 2010 च्या आसपास तो चष्म्यांसकट आला आणि 2017 मध्ये सोनी व एलजी या दोघांनीही त्याचा नाद सोडला. जाणकारांनी मत द्यावे.

सुदामानगरी

काका, ठिपक्यांचा हिशोब मान्य आहे, पण मी दोन वर्षांपूर्वी टीव्ही बदलला तो ठिपक्यांसाठी नव्हे, उजेडासाठी.

8 डिसेंबर 2011 रोजी आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने 219 धावा काढल्या, त्या दिवशी मी तिथे होतो. दुपारी अर्ध्या मैदानावर ऊन आणि अर्ध्यावर स्टँडची सावली असताना, प्रेक्षकाला सावलीतला क्षेत्ररक्षकही दिसतो आणि उन्हातल्या चेंडूची शिवणही. जुन्या टीव्हीवर तेच दृश्य आले की कॅमेऱ्याला एक बाजू सोडून द्यावी लागते, त्यामुळे सावली काळीकुट्ट होते किंवा ऊन पांढरेफटक पडते. एचडीआर नावाचा जो प्रकार फोर केबरोबर आला, तो नेमका यावर उपाय आहे. जुन्या पद्धतीत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी 256 छटा असत, आता प्रत्येकी 1024 असतात; म्हणजे एकूण रंग 1.67 कोटींवरून 107 कोटींवर गेले. संध्याकाळच्या आकाशात पट्टे-पट्टे दिसतात ना, ते यामुळे जातात. हा फरक दहाच काय, पंधरा फुटांवरूनही कळतो, कारण त्याचा दृष्टीच्या तीक्ष्णतेशी संबंधच नाही.

प्रक्षेपणाविषयी म्हणाल, तर टीव्ही आता केवळ छतावरच्या छत्रीवर चालत नाही. 2023 चे आयपीएल जिओ सिनेमाने इंटरनेटवरून फोर के मध्ये आणि तेही फुकट दाखवले होते. नेटफ्लिक्स फोर केसाठी 15 एमबीपीएस वेग पुरेसा मानते आणि इंदूरमधल्या कोणत्याही साध्या फायबर जोडणीवर तेवढा वेग मिळतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरील टीव्हीचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. शेवटी, आपण दुकानात 55 इंची फुल एचडी मागून पाहिलात का? मिळणार नाही. त्या आकारात आता सगळे फोर केच येतात, त्यामुळे मोठा पडदा हवा असेल तर हा वाद आपोआपच निकालात निघतो.

लोकमान्यनगरची सून

आमच्याकडे गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांसाठी 55 इंची फोर के आणला, तेव्हा अनुभवाने लिहिते. घरी केबल आहे आणि बहुतेक वाहिन्या साध्याच घेतलेल्या आहेत. जे चित्र लहान पडद्यावर ठीक वाटत होते, ते मोठ्या पडद्यावर ताणले गेल्यावर पातळ केलेल्या वरणासारखे दिसू लागले. साध्या वाहिनीच्या 576 ओळी 2160 ओळींत बसवायच्या म्हटल्यावर उरलेले टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. त्यातून चित्राची हालचाल गुळगुळीत करणारी सोय दुकानातूनच चालू होऊन आली होती. जुना कृष्णधवल चित्रपट लागला, तर सासरे म्हणाले, "हे कालच शूट केल्यासारखे का दिसते?" ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्यावर त्यांचा चित्रपट त्यांना परत मिळाला. सुदामानगरींचे म्हणणे चित्रपटांपुरते खरे असेल, पण ज्या घरात दिवसाचे सहा तास साध्या वाहिन्या चालतात, तिथे मोठा पडदा म्हणजे मोठा दोष.

वैशालीनगर

मग थेट एट केसाठीच, म्हणजे फोर केच्याही चौपट ठिपक्यांसाठी, का थांबू नये? जपानमध्ये तिथल्या सार्वजनिक प्रसारक एनएचकेची एट के वाहिनी 1 डिसेंबर 2018 पासून चालू आहे. एकदाच घ्यायचे तर शेवटचे घ्यावे.

महाराणी रोडचा दुरुस्तीवाला

एट केसाठी थांबणाऱ्यांनी खुशाल थांबावे. तेवढे ठिपके उजळायला वीज इतकी लागते की, युरोपीय संघाचे मार्च 2023 पासूनचे विजेचे नियम पाळणे त्या टीव्हींना जड गेले होते. माझ्याकडे आजवर एकही एट के दुरुस्तीला आलेला नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. एचडीआर चांगले आहे, पण खोक्यावर ती अक्षरे असणे आणि पॅनेलमध्ये तेवढा उजेड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्तातला टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो, मात्र त्याचा उजेड तीनशे निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) आसपास थांबतो, त्यामुळे चित्र उलट काळवंडते आणि गिऱ्हाईक मला फोन करून "टीव्ही बिघडला" म्हणते. घ्यायचाच असेल तर निट्स किती आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, भागाभागाने मंद होतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. आणखी एक. बॅकलाइटच्या पट्टीतले एलईडी माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात, म्हणून एक गेला की सगळी पट्टी विझते, आणि ते जातात ते उष्णतेने. दुकानातून टीव्ही पूर्ण उजेडावर लावून येतो. घरी तो साठ-सत्तरवर आणल्यास आयुष्य वाढते.

राजेंद्रनगरकर, तुमच्या प्रयोगाविषयी मात्र मला शंका आहे. 43 इंची पडद्यावर साधी आणि एचडी वाहिनी दोघांनाही सारखीच दिसावी, असे सहसा होत नाही. तुमच्या सेट टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत वायर कोणती आली आहे, ते जरा मागे हात घालून पाहाल का?

राजेंद्रनगरकर

पाहिली. टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला, तेव्हा मागच्या जाळ्यांमध्ये लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिना निघाल्या. जुन्या डबा टीव्हीची जी वायर होती, तीच बॉक्स बसवणाऱ्या मुलाने नव्या टीव्हीला लावून दिली होती, आणि त्या पिवळ्या पिनेतून साध्या वाहिनीपेक्षा जास्त ओळी जातच नाहीत, असे आता कळले. म्हणजे एचडी पॅकचे पैसे मी इतकी वर्षे दरमहा भरले आणि एचडी एक दिवसही पाहिले नाही.

काल संध्याकाळी एचडीएमआय केबल आणून लावली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये 1080 निवडले. बातम्यांच्या वाहिनीवर तळाला सरकणारी पट्टी मी आजवर चष्मा पुसून वाचत असे. ती आता सोफ्यावरून सरळ वाचता येते. सौ.ने तर निवेदिकेच्या साडीचे काठ पैठणीचे नसून नुसते तसे छापलेले आहेत, असे जाहीर केले. तेव्हा माझा प्रयोग मी मागे घेतो. दहा फुटांचा हिशोब मात्र मागे घेत नाही, कारण तो वायरीवर अवलंबून नव्हता. उजेडाचा मुद्दाही पटला, पण दुरुस्तीवाल्यांनी सांगितलेला तसा पॅनेल आमच्या ठरवलेल्या पैशांत बसत नाही आणि बसतो तो घेण्यासारखा नाही. सध्या केबलच्या अडीचशे रुपयांवर काम भागले आहे. मुलाला तसे सांगितले; तो हसला नाही.

सुदामानगरी

काका, एक विचारू का? तीन फूट आणि दहा फूट यांतला फरक आपण टेपने मोजलात, पण एचडी दिसत नाही ही गोष्ट आपल्याला इतकी वर्षे डोळ्यांनी कळली नाही. मग फोर के दिसणार नाही, हे डोळ्यांनी न पाहता इतक्या खात्रीने कसे म्हणता? रविवारी सामना आहे. आमच्याकडेही सोफा दहाच फुटांवर आहे.

राजेंद्रनगरकर

येतो. टेप बरोबर आणतो.