अनुभव धागा: दसऱ्याची नवी डिझेल पिकअप आणि पहिले दीड हजार किलोमीटर

दसऱ्याला पिकअप दारात येते आणि त्याच आठवड्यात सोयाबीनचे कट्टे बाजार समितीकडे निघतात. इंजिन सेट व्हायचा काळ आणि मालाचा हंगाम एकाच वेळी येतो. ज्यांच्या हाताखालून अशा गाड्या गेल्या आहेत त्यांनी नेमकं लिहावं: किती माल, किती वेग, काय तपासायचं, काय बिघडतं. ‘जपून चालवा’ एवढ्यावर कोणाचं भागत नाही. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचाच धरावा.

यवतमाळ, गॅरेज

आधी कारण सांगतो, मग आकडे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात जाळीसारख्या तिरप्या, बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यात ऑइल टिकतं आणि पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून भिंतीशी जुळतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः जळत्या गॅसच्या दाबाने. म्हणून इंजिनवर थोडा भार हवाच. नवी गाडी म्हणून नुसती रिकामी फिरवली, दारात अर्धा अर्धा तास चालू ठेवली, तर दाब पुरत नाही. भिंतीवर जळक्या ऑइलचा काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि गाडी पुढे कायम ऑइल पिते. उलट पहिल्याच दिवशी ठासून भरली तर उष्णता वाढते, रिंगा आणि भिंत दोन्ही ओरखडतात.

दीड टनाच्या गाडीत पहिले ५०० किमी ७ क्विंटलपर्यंत, म्हणजे ५० किलोचे १४ कट्टे. १००० किमीपर्यंत ११ क्विंटल. पूर्ण पासिंगचा माल, म्हणजे कागदावर मंजूर तेवढा, १५०० नंतर. आरपीएमचा काटा २०००-२२०० च्या आसपास ठेवा आणि एकाच वेगावर तास तास चालवू नका. ४० वर या, ६० वर जा, गिअर बदलत राहा. टॉप गिअरमध्ये ३० च्या वेगाने चढ ओढणं हे जास्त आरपीएमपेक्षा वाईट. गाडी धडधडायला लागली की लगेच खालचा गिअर.

पहिल्या एक-दोन दिवसांत सायलेन्सरकडून रंग जळाल्यासारखा वास येतो, तो आपोआप जातो. ॲव्हरेजही सुरुवातीला कमीच लागतं. ऑइलची दांडी मात्र दर ३०० किमीला सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा.

वाशीम, धान्य वाहतूक

वरच्या १४ कट्ट्यांबद्दल. ते मागच्या फळीला टेकवून रचू नका, पुढचं चाक हलकं पडतं आणि स्टिअरिंग धरत नाही. केबिनच्या बाजूने रचायला सुरुवात करा.

पहिल्या भरल्या फेरीनंतर, ५० ते १०० किमीच्या आत, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळून घ्या. रंगाचा थर दबतो आणि नट ढिले होतात. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहायचं नाही, स्टड ताणला जातो. टॉर्क पाना कुठल्याही बऱ्या टायरवाल्याकडे मिळतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एक्सलशी बांधणारे यू-बोल्ट. पाट्यांमधला रंग घासून पाटे एकमेकांवर बसले की यू-बोल्ट सैल पडतो. मग पाटे आतल्या आत हलतात, मधला सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि मागचे टायर एका बाजूने खाल्ले जातात. टॉर्च घेऊन गाडीखाली बघा: यू-बोल्टच्या कडेला लालसर भुकटी किंवा घासून चकाकलेली बारीक रेघ दिसली, तर तो हललेला आहे. पहिल्या सर्व्हिसला हे काम बोलून, समोर उभं राहून करून घ्या.

हिंगणघाट, कापूस

जिनिंगच्या दारात रांग लागते आणि गाड्या तासन्‌तास चालूच राहतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांना हे चालत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती साधारण ६०० अंशाला जळते. चालू उभ्या गाडीत तेवढी उष्णता होत नाही. डीपीएफचा दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगाने २० मिनिटं सलग चालवा, मध्येच बंद करू नका. दर वेळी अर्ध्यावर तोडलं तर काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. दांडीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालेलं ऑइल आहे, बदलावंच लागतं.

आणि कळकळीने सांगतो: काजळी जळत असताना किंवा लगेच नंतर गाडी खळ्यात, कुटारावर किंवा वाळल्या पऱ्हाटीजवळ लावू नका. खालचा भाग इतका तापलेला असतो की कुटार पेट घेतं. माल खळ्याबाहेर वाहून आणा, त्रास परवडला.

दर्यापूर

ज्या गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण) लागतं त्यांच्यासाठी. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे ऐकून काही जण खताची बॅग विरघळवून टाकतात. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचं लेपन सक्तीचं आहे, शिवाय त्यात इतर अशुद्धी असतात. इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही जातात. सीलबंद कॅनच घ्या आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उष्णतेने ते खराब होतं. चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी उतरवा.

वरुड, संत्रा

काळ्या मातीची पांदण नव्या क्लचला सर्वांत वाईट. नवी प्लेट अजून पूर्ण टेकलेली नसते, त्यात हाफ क्लचवर चिखलातून काढत बसलं की दहा मिनिटांत जळका वास येतो. एकच चाक गरगर फिरत राहिलं तर डिफरन्शियलच्या आतले लहान गिअरही खातात. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा, ट्रॅक्टर बोलवा. पहिला महिना क्रेट बंडीने सडकेपर्यंत आणलेले बरे.

परतवाडा

ब्रेकसाठी पहिले ३०० किमी सपाटीचे. लायनर ड्रमवर पूर्ण बसलेले नसतात, त्यामुळे चिखलदऱ्याच्या उतारावर लवकर तापतात आणि पॅडल खाली जातं. नंतरही ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. घाट चढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा, टर्बोला ऑइल मिळत राहतं.

वणी

कोळशाची धूळ. एअर फिल्टर पुस्तिकेतल्या निम्म्या अंतरावर उघडून बघा. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. ड्रममधलं डिझेल टाकत असाल तर डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा नळ आठवड्याला उघडा.

यवतमाळ, गॅरेज

पहिल्या सर्व्हिसच्या ऑइलबद्दल राहिलं होतं. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या. चांदीच्या भुकटीसारखी बारीक चमक दिसली तर ती रिंगा बसल्याची, काळजी नको. बोटाला टोचेल असा कण सापडला तर गाडी तिथेच ठेवा आणि वॉरंटीचा कागद काढा.