मदत हवी आहे: वडिलांच्या कॅमेऱ्यासोबतची ही काच कसली?

सागरगोटा
बाबांचं कपाट आवरतोय. एका चामडी पाकिटात गोल काच निघाली, चकचकीत धातूच्या कड्यात बसवलेली. कॅमेऱ्याचीच असावी, पण लेन्सवर आट्यासारखी फिरवली तर बसत नाही. जुनं सामान घेणारा उद्या सकाळी येतोय, परवा घराची किल्ली द्यायचीय. माहीत असेल त्याने पटकन सांगा. फोटो चढत नाहीयेत.

तात्या कऱ्हाड
यूव्ही फिल्टर, लेन्सवर लावायची साधी काच. माझ्याकडे असे सात पडलेत. देऊन टाका.

लेन्सवेडा
तात्या, न बघता कसं सांगता? सागरगोटा, कॅमेरा कुठला? काच रंगीत की साधी? कड्याला आटे की खाचा? कडेला काही कोरलंय? रुंदी किती?

स्मिता ना.
काचेवर बुरशी असेल तर आधी ती काढा. आमच्या रत्नागिरीला दोन पावसाळ्यांत लेन्सवर जाळं धरतं. टूथपेस्ट लावून हलक्या हाताने पुसायची.

बोरीबंदरकर
ताई, टूथपेस्ट नको हो! लेन्सवरचा लेप खरवडून निघतो. भांडी नाहीत ती.

सागरगोटा
बुरशी नाहीये. कॅमेरा जुना, पोटाशी धरून वरून बघायचा तो. याशिका. काच साधी. आटे नाहीत, आतल्या बाजूला बारीक खाचा आहेत. दुसरी जरा जाड आहे, तिच्या कडेवर लाल ठिपका आहे. कोरलेलं काही दिसत नाही. झालं?

काळापांढरा
दुसरी?? हे आधी सांगायचं ना राव! एक पातळ, एक जाड आणि लाल ठिपका, म्हणजे जोडी आहे ती. जवळचे फोटो काढायची. याशिका मॅट १२४ जी असेल तर वर-खाली दोन लेन्स असतील. वरच्या लेन्समधून आपण बघतो, खालच्यातून फोटो निघतो. हा कॅमेरा एक मीटरच्या आसपासच्या अलीकडचं स्पष्ट धरत नाही, म्हणून दोन्हींवर एकेक काच चढवायची.

लेन्सवेडा
इतकी खात्री नको. याशिकोरची टेली (लांबचं मोठं दाखवणारी) आणि वाइड (जास्त रुंद दाखवणारी) यांची जोडसुद्धा याच कॅमेऱ्यांना लागायची.

काळापांढरा
त्या जोड्या चांगल्या ठोकळ्यासारख्या जाड असतात, चामडी पाकिटात मावायच्या नाहीत. पैज कशाला? सागरगोटा, पातळ काच पेपरपासून वीतभर वर धरा, अक्षरं मोठी दिसतात का बघा. मग जाड काच तिथेच धरून जागच्या जागी फिरवा. अक्षरं गोल हिंडली तर तिच्यात पाचरीसारखा लोलक आहे.

तात्या कऱ्हाड
फिल्टरच असणार.

सागरगोटा
पातळ काचेतून अक्षरं मोठी दिसतात. जाड काच फिरवल्यावर मथळा चकरा मारतोय! असं का?

काळापांढरा
बरोब्बर. लेन्स वर-खाली असल्याने जवळच्या वस्तूला दोघी वेगवेगळ्या जागेवरून बघतात. तुम्ही वरून नीट चौकट लावता आणि खाली डोकं कापलेला फोटो निघतो. तो फरक मिटवायला जाड काच नजर थोडी खाली वाकवते. म्हणून ती वरच्या लेन्सवर, लाल ठिपका वरच्या बाजूला. उलटी लावलीत तर फरक आणखी वाढेल. पातळ काच खालच्या लेन्सवर. आट्यासारखं फिरवू नका, खाचा जुळवा, हलकं दाबा आणि थोडं वळवा.

बोरीबंदरकर
काचेचा नंबर (चष्म्याला असतो तसा) कसा कळेल ते मी सांगतो. खोलीत अंधार करा, एकच खिडकी उघडी ठेवा. पातळ काच समोरच्या भिंतीजवळ धरून लांबच्या इमारतीचं चित्र भिंतीवर पाडा. ते ठळक झालं की काच ते भिंत अंतर मोजा. मीटरभर आलं तर १ नंबर, अर्धा मीटर आलं तर २.

सागरगोटा
बायको म्हणतेय घर आवरायचं सोडून हे काय चाललंय. पण चित्र पडलं! समोरची पाण्याची टाकी उलटी. टेप लावली, एकोणपन्नास-पन्नास सेंमी. आणि कडा ओल्या रुमालाने घासल्यावर अक्षरं निघाली, 'रोलाय'सारखं काहीतरी, मग 'नार', शेवटी २.

काळापांढरा
रोलायनार २. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांचं, रोलायफ्लेक्स कॅमेरेवाल्यांचं.

लेन्सवेडा
मग याशिकावर कशी बसेल? रोलायची वस्तू जपानी कॅमेऱ्याला?

काळापांढरा
याशिका मॅटला रोलायचंच बे-वन मापाचं कडं आहे (बे म्हणजे बायोनेट, खाचा जुळवून बसवायचं कडं). रोलायच्याच रोलायकॉर्ड कॅमेऱ्यावरही तेच. रोलायफ्लेक्सच्या ३.५ ई, एफवाल्यांना बे-टू लागतं, २.८ वाल्या बहुतेकांना बे-थ्री, त्या मापाच्या काचा मात्र इथे बसणार नाहीत. मी स्वतः मुंबईच्या बोराबाजारात घेतलेली जोडी याशिकावर वापरतो.

लेन्सवेडा
बरं, मानलं. पण एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, वाढवावं लागेल ना?

काळापांढरा
नाही. लेन्स फिल्मपासून लांब जात नाही, नुसती काच पुढे येते. फक्त लेन्सचं छिद्र लहान ठेवा, ११ किंवा १६ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), नाहीतर कडा मऊ येतात. आणि बाजूच्या चक्रावरचे अंतराचे आकडे विसरा, कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या बघायच्या काचेत बघूनच फोकस करा.

स्मिता ना.
असल्या जुन्या जर्मन काचांना परदेशात लाखो मिळतात म्हणे. विकणार का?

बोरीबंदरकर
लाखो नाही मिळत ताई. ही जोडी खूप बनली, खूप विकली गेली.

सागरगोटा
नाही विकत. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं, बाबा गावातल्या लोकांना जुन्या फोटोंवरून फोटो काढून द्यायचे. कुणाचे आजोबा वारले की घरचे एकुलता एक जुना फोटो घेऊन यायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाट उभा करून बाबा त्याला टाचण्यांनी फोटो लावायचे, आम्ही उजेडात आलो की ओरडायचे. त्या पाटाला अजून टाचण्यांची भोकं आहेत. तो पाटही उद्याच्या ढिगात होता, आत्ता बाजूला काढला.

आता या कॅमेऱ्याचा १२० मापाचा फिल्म रोल पुण्यात कुठे मिळेल?

लेन्सवेडा
त्यासाठी नवीन धागा काढा. आणि मॉडेल पहिल्याच ओळीत लिहा.

नुसताच वाचक
फोटो दिसत नाहीयेत. मला वाटतं यूव्ही फिल्टर असेल.

तात्या कऱ्हाड
मी तेच म्हणतोय.