अनुदान घेतल्याने सेवाभावी संस्था लोकांपासून दुरावतात का?

पंचगंगाकाठ:
आमच्या पेठेतील एका संस्थेच्या अनुदानित वसतिगृहाचे हिशेब मी पाहतो. अनुदान मंजूर झाल्यापासून तेथील वर्गणीचे पावतीपुस्तक कपाटात पडून आहे. दाते आटले असे नव्हे, त्यांच्याकडे कोणी गेलेच नाही. जेम्स आंद्रेओनी आणि अ‍ॅबिगेल पेन या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतील संस्थांच्या आकडेवारीवरून हेच दाखवले, की सरकारी पैसा आला की खासगी देणग्या घटतात आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे संस्थाच निधी मागणे कमी करतात. तेव्हा संस्थांनी अनुदान घेऊच नये, असे माझे मत आहे.

दसरा चौक:
कोल्हापुरात राहून असा निष्कर्ष काढावा, याचे नवल वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि आर्थिक मदत दिली, पण कारभार त्या त्या समाजातील मंडळींच्या हाती राहिला आणि दात्यांनीही त्यात भर घातली. वर्गणीवर गणपती जोरात होतो. मुलांचे बारा महिने दोन वेळचे जेवण त्यावर निघत नाही.

पंचगंगाकाठ:
महाराज स्वतः लक्ष घालत असत. आज हप्ता मार्चअखेरीस पडतो, तोवर किराणा उधारीवर चालतो, आणि ज्या खात्यात आपले बिल अडकले आहे त्याच्याविरुद्ध बोलायला कोणता विश्वस्त धजावेल?

शाहूपुरीतील लेखापाल:
खासगी पैसाही काही बिनशर्त नसतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातून संगणक कक्ष सहज उभा राहतो, फलकावर कंपनीचे नावही झळकते, पण स्वयंपाकीणबाईंचा पगार द्यायला सहसा कोणी तयार होत नाही. तो पगार (तुटपुंजा आणि उशिरा का होईना) अनुदानातूनच निघतो. शिवाय ८०-जीच्या पावतीवर दात्याला आयकरात सवलत मिळते, म्हणजे तेवढा महसूल सरकार सोडून देते. निव्वळ खासगी म्हणावी अशी देणगी मग उरते कोठे?

पंचगंगाकाठ:
पगाराचा मुद्दा मान्य आहे, ८०-जीचा नाही. तेथे पैसा कोणत्या संस्थेला जावा हे दाता ठरवतो, अनुदानात ते अधिकारी ठरवतो. आणि संस्था कोणाची मर्जी सांभाळणार, हे त्यावरूनच ठरते.